टीबीच्या घरातले ताट



घरात एकाला टीबी झाला की आपण आधी त्याचे ताट-पेला वेगळा करतो. वेगळे भांडे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. टीबी ताटातून पसरत नाही. रुग्ण खोकला की जंतू हवेत उडतात आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या छातीत जातात. म्हणून खोकताना तोंडावर रुमाल धरावा आणि खिडकी-दार उघडे ठेवावे.

जंतू छातीत गेले म्हणजे आजार झालाच, असे नाही. शरीरातील पेशी त्यांना घेरून कोंडून ठेवतात. बहुतेकांच्या शरीरात ते जन्मभर तसेच पडून राहतात. पण अन्न कमी पडले की पेशींचा पहारा ढिला होतो आणि जंतू जागे होतात.

मग नुसत्या अन्नाने टीबी अडेल का? डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पथकाने झारखंडच्या चार जिल्ह्यांत हे तपासले. २,८०० रुग्णांच्या घरांतील १०,३४५ माणसे त्यात होती. औषध आणि शिधा सर्व रुग्णांना मिळाला. एका गटात मात्र घरातील इतरांनाही माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये निष्कर्ष आला: त्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. थुंकीत जंतू सापडणारा छातीचा टीबी तर जवळपास निम्म्यावर आला. तांदूळ आणि डाळीने हे घडले!

वॉर्डात असताना मीही गोळ्या मोजून द्यायचे, ताटात काय आहे हे विचारत नव्हते. आलवीत तथागतांनी उपाशी शेतकऱ्याला आधी जेवू घातले आणि मग धम्म सांगितला. ही गोष्ट आपण विहारात ऐकतो, पण घरात विसरतो.

लक्षात ठेवा:

१. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत आहे.

२. अन्न हे औषधाच्या जागी नाही, औषधासोबत आहे. बरे वाटले तरी गोळ्या मध्येच सोडू नका.

३. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये मिळतात. बँक खाते दिले आहे का, आशाताईंना विचारा.

४. घरातील सर्वांची तपासणी करा. डाळ, चणे, शेंगदाणे, अंडी सर्वांच्या ताटात येऊ द्या. शेवटी जेवणाऱ्या बाईच्याही.

ताट वेगळे करू नका, ते भरलेले ठेवा.