पत्र्याखालचा फोम आणि रात्रीची धाप

एका वाचकांनी पत्राने विचारले आहे, की त्यांच्या घरावर पत्रा आहे, चैत्र-वैशाखात दुपारी घरात बसवत नाही, म्हणून पत्र्याला आतून फोम मारून घ्यावा असे घरात चालले आहे. पण आई दम्याची जुनी रुग्ण आहे, तर तिला काही अपाय होईल का? प्रश्न महत्त्वाचा आहे. फोम मारून घेणारे भाव विचारतात, जाडी विचारतात. हे विचारणारे मला प्रथमच भेटले.

आपल्या सांगली-तासगाव भागात बेदाण्याची कोल्ड स्टोअरेज ज्यांनी आतून पाहिली आहेत, त्यांना हा पिवळसर, पावासारखा फुगलेला थर परिचयाचा असेल. बोलण्यात त्याला ‘पफ’ म्हणतात. आता तो दुकाने, शेड आणि घरांपर्यंत आला आहे. कारागीर दोन पिंपे घेऊन येतो. एकात आयसोसायनेट वर्गातील एमडीआय नावाचे रसायन असते. दुसऱ्यात पॉलिऑल आणि त्यातच फुगवणारी व क्रियेला वेग देणारी द्रव्ये असतात. दोन्ही गरम होऊन नळ्यांतून बंदुकीच्या तोंडाशी एकत्र येतात आणि पत्र्यावर पडताच काही सेकंदांत फुगून घट्ट होतात. या रसायनविद्येचा पाया जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ साली घातला. उष्णता अडवण्याचा याचा गुण वादातीत आहे. त्याविषयी माझी काहीच तक्रार नाही.

आयसोसायनेट म्हटले की भोपाळ आठवते. १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्री फुटला तो मिथिल आयसोसायनेट. कूळ एक असले तरी तो ३९ अंशांनाच उकळू लागणारा पदार्थ. एमडीआय साध्या तापमानाला फारसा उडत नाही, आणि दोन्ही द्रव्ये योग्य प्रमाणात मिसळून फोम नीट घट्ट झाला की त्यात मोकळे आयसोसायनेट जवळजवळ उरत नाही. धोका आहे तो बंदूक चालू असताना आणि त्यानंतरच्या काही तासांत. त्या वेळी त्याचे बारीक धुके होते व ते थेट छातीत जाते.

हे मी पुस्तकातून शिकलो असे म्हटले तर ते खोटे ठरेल. दोन वर्षांपूर्वी सव्वीस वर्षांचा एक तरुण रात्रीच्या खोकल्यासाठी माझ्याकडे येऊ लागला. दिवसा ठीक, पण रात्री नऊ-दहानंतर छातीत घरघर आणि धाप. मी दोन वेळा खोकल्याचे औषध व अँटिबायोटिक दिले, थंड खाऊ नकोस म्हणून सांगितले. काय काम करतोस, हे विचारले नाही. तिसऱ्या खेपेला त्याची बायको बरोबर होती. ती म्हणाली, “डॉक्टर, जत्रेला गावी आठ दिवस राहिलो, तर यांना एकदा पण खोकला आला नाही.” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो फोम मारणाऱ्या ठेकेदाराकडे होता, आणि तोंडाला बांधायचा तो रुमाल!

आयसोसायनेटचा दमा असा फसवा असतो. श्वासावाटे (आणि कदाचित कातडीवाटेही) रसायन शरीरात जात राहते, आणि काही जणांच्या शरीराला एके दिवशी त्याचे वावडे उत्पन्न होते. त्यासाठी काही आठवडे लागतात किंवा काही वर्षे. त्यानंतर झटका पुष्कळदा काम संपल्यावर चार ते आठ तासांनी येतो, म्हणून दोष थंडीला किंवा धुळीला जातो. एकदा वावडे झाले की अगदी किंचित अंशही पुरतो. सुरक्षित मानलेली मर्यादाच मुळी हवेच्या अब्ज भागांत ५ भाग इतकी कमी आहे, आणि तेवढ्याचा नाकाला वास येत नाही. त्यामुळे ‘वास नाही म्हणजे हवा स्वच्छ’ हा हिशेब येथे चालत नाही. रुमाल तर सोडाच, धुळीचा मास्कही उपयोगी नाही. बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरवणारा मुखवटा, हातमोजे, चष्मा व अंगभर कपडे हवेत. कामावर दिव्यांभोवती निळसर वलय दिसू लागले, तर तोही दुसऱ्या पिंपातील अमाइनचा डोळ्यांवरील परिणाम असू शकतो.

मी त्या तरुणाला एक फुंकनळी घ्यायला लावली आणि रोज चार वेळा आकडा वहीत लिहायला सांगितले. सुटीच्या दिवशी आकडा ४७०, कामाच्या दिवशी रात्री ३००. वही छातीविकार तज्ज्ञांना दाखवली. त्यांचेही मत तेच पडले. काम सोडणे भाग होते. पंप ओढून काम चालू ठेवतो, असे तो विनवत होता. कमावणारा तो एकटा. पण पंपाने धाप दबते, वावडे जात नाही, आणि असे रुग्ण पुढच्या झटक्यात दगावल्याची उदाहरणे वैद्यकात आहेत. मग मित्राच्या गॅरेजमध्ये गाड्या रंगवायला जातो म्हणाला. तेही मी थांबवले, कारण तिथल्या टू-पॅक रंगाच्या हार्डनरमध्ये पुन्हा आयसोसायनेटच असते. आता तो मेव्हण्याच्या किराणा दुकानात बसतो. मिळकत निम्म्यावर आली आहे. फुंकनळी गल्ल्यात ठेवतो, आणि गेल्या दिवाळीपासून आकडा ४५० च्या खाली आलेला नाही.

आता पत्रलेखकांना. फोम जरूर मारून घ्या, पण त्या दिवशी आईच काय, घरातील कोणीही घरात थांबू नये. काम संपल्यावर निदान २४ तास दारे-खिडक्या उघड्या ठेवून, पंखा बाहेरच्या दिशेने लावून हवा खेळती ठेवावी. आईला मी आणखी दोन-तीन दिवस बहिणीकडे ठेवीन. धान्य, पाणी, भांडी आधीच बाहेर काढावीत. आठवडा उलटूनही मासळीसारखा वास येत असेल किंवा फोम बोटाला चिकट लागत असेल, तर मिश्रण चुकले आहे. ठेकेदाराला बोलावून तेवढा भाग काढून टाकायला लावावा. घट्ट झालेला फोमही आगीत झपाट्याने पेटतो, आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे दोन्ही विषारी वायू असतात. म्हणून तो उघडा न ठेवता जिप्सम बोर्डसारख्या न पेटणाऱ्या थराने झाकून घ्यावा, आणि पुढे कधी पत्र्याला वेल्डिंग करायचे झाले, तर त्या जागेचा फोम आधी खरवडून काढल्याशिवाय वेल्डरला वर चढू देऊ नये. खरवडताना धूळ उडते, तेव्हाही आईला बाहेर पाठवावे. आणि हो, बहिणीकडे जाताना तिचा पंप पिशवीत आहे ना, ते पाहावे.