परसातील कोंबड्या आणि वन्य श्वापदे : सुरत जिल्ह्याच्या अनुभवावरून काही धडे

ग्रामीण कुटुंबात परसातील आठ-दहा कोंबड्या म्हणजे घरातील स्त्रीची स्वतःची पुंजी होय. देशी कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते. तिला वेगळे खाद्य विकत घ्यावे लागत नाही आणि अडीअडचणीला बाजाराच्या दिवशी तिचे रोख पैसे होतात. मुलाची वही, घरातील तेलमीठ, आजारपणातील औषध असे कितीतरी खर्च या पुंजीतून भागतात. म्हणूनच एका रात्रीत खुराडे रिकामे झाले, तर ती हानी त्या घराला चांगलीच जाणवते. ही हानी टाळण्याचे उपाय साधे असून बहुतांशी आपल्याच हाती आहेत. त्यांची माहिती देण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

उसाचे रान आणि दीपडो

आपल्या नंदुरबार जिल्ह्याला लागून असलेल्या गुजरातच्या तापी व त्यापलीकडील सुरत या जिल्ह्यांचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. (तापी जिल्हा २००७ साली सुरत जिल्ह्यातूनच वेगळा झाला.) सुरतेच्या पूर्वेकडील मांडवी, मांगरोळ व उमरपाडा या तालुक्यांत पूर्वापार जंगल आहे. तापी नदीवरील काकरापार बंधारा आणि १९७२ साली पूर्ण झालेले उकाई धरण यांच्या कालव्यांमुळे खालच्या भागात बारमाही पाणी आले. बारडोली, मढी, महुवा, सायण, चलथाण येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि कोसच्या कोस उसाचे मळे पसरले. उसात माणसाचा वावर कमी असतो, सावली व पाणी जवळ असते आणि लपण्यास जागा भरपूर मिळते. त्यामुळे बिबट्या तेथे वस्ती करून राहतो, पिलेही देतो. गुजराती शेतकरी त्याला ‘दीपडो’ म्हणतात. गुजरात राज्याच्या गणनेत २०१६ साली १,३९५ बिबटे आढळले होते. २०२३ साली ही संख्या २,२७४ झाली. पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले या तालुक्यांतही हेच चित्र आहे.

अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहाराचा सुमारे ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा आढळला आणि त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता. रात्री गोठ्यात बंद असलेल्या शेळ्या मात्र संख्येने कुत्र्यांच्या कितीतरी पट असूनही फारशा बळी पडत नव्हत्या. यातून मिळणारा बोध स्पष्ट आहे : जे उघड्यावर असते ते जाते आणि जे नीट बंद असते ते वाचते.

प्रथम चोर ओळखावा

कोंबडी नाहीशी झाली की बिबट्याचे नाव घेण्याची प्रवृत्ती असते. परंतु प्रत्येक वेळी तोच दोषी असतो असे नाही. उपाय करण्यापूर्वी पुढील खुणा पाहाव्यात :

(१) दिवसाढवळ्या पिल्ले जात असतील आणि जमिनीवर कोणतीही खूण नसेल, तर घार किंवा शिकरा असण्याचा संभव अधिक.

(२) दिवसा लहानशा भोकातून शिरून मानेला चावा घेतलेला असेल व अंडी फुटलेली असतील, तर मुंगूस समजावे.

(३) अंडी मागमूस न राहता नाहीशी होत असतील, तर साप किंवा घूस यांचा संशय घ्यावा.

(४) पहाटे वा तिन्हीसांजेला एखादीच कोंबडी उचलली जाऊन झुडपाकडे पिसांची रांग दिसत असेल, तर रानमांजर किंवा कोल्हा असावा. कोल्ह्याच्या पावलात नखांचे ठसे उमटतात, मांजराच्या पावलात उमटत नाहीत.

(५) अनेक कोंबड्या फाडलेल्या पण न खाल्लेल्या, इतस्ततः पडलेल्या आढळल्या, तर पुष्कळदा गावातील मोकाट कुत्री कारणीभूत असतात.

(६) खुराड्याचे दार वा छप्पर मोडलेले असेल आणि सात ते नऊ सेंटिमीटर रुंदीचा, गोलसर, नखांची खूण नसलेला ठसा दिसला, तर तो बिबट्याचा मानावा. रानमांजराचा ठसा याच्या जेमतेम निम्मा असतो.

बंद खुराड्यात शिरलेला प्राणी कधी कधी सर्वच कोंबड्या मारून टाकतो. भक्ष्य पळू शकत नाही आणि समोर फडफडत राहते, त्यामुळे त्याची शिकारीची प्रेरणा थांबत नाही. सबब, खुराडे असून भागत नाही. ते पक्के असावे लागते.

खुराडे कसे असावे?

बांबूचे वा कुडाचे खुराडे टाकून देण्याची गरज नाही. त्याला आतून अर्ध्या इंच छिद्रांची जाड वेल्डमेश जाळी लावावी. कोंबड्यांची म्हणून विकली जाणारी पातळ षट्कोनी जाळी कोंबडी आत ठेवते, परंतु श्वापद बाहेर ठेवू शकत नाही. खुराडे शक्य तर जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीवर, घराच्या भिंतीलगत असावे. ते जमिनीवरच असल्यास जाळी फूटभर खोल पुरून बाहेरच्या बाजूस वळवावी. म्हणजे उकरणाऱ्या प्राण्याला वाट मिळत नाही. छपरावर पत्रा वा जाळी घट्ट बांधावी. दाराला वर व खाली अशा दोन कड्या असाव्यात. केवळ दोरी किंवा दगड लावण्यावर विसंबू नये.

सूर्यास्तापूर्वी कोंबड्या मोजून आत घ्याव्यात व चांगले उजाडल्यावरच सोडाव्यात. पिल्ले दिवसाही डालग्याखाली ठेवावीत. खुराड्याभोवतीचे गवत व झुडपे तीस-चाळीस फुटांपर्यंत साफ करावीत. ऊस घराला अगदी भिडून लावू नये; मध्ये मोकळा पट्टा ठेवावा.

मेलेली कोंबडी फेकू नये

श्वापदाला घरापर्यंत आणणारी वाट बहुधा आपणच तयार करतो. मेलेले पक्षी, पिसे, आतडी नाल्यात किंवा बांधावर टाकली की त्या वासाने कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर तालुक्यात आणि त्याला लागून असलेल्या, त्या वेळी सुरत जिल्ह्यात मोडणाऱ्या उच्छल तालुक्यात बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हा मृत पक्षी खोल पुरण्याचे महत्त्व सर्वांच्या ध्यानी आले. तोच नियम नित्यासाठी पाळावा. खोल खड्डा करून मृत पक्षी पुरावा, वर चुना टाकावा व माती घट्ट दाबावी. रोगही आटोक्यात राहतो व श्वापदही फिरकत नाही. एकाएकी पुष्कळ पक्षी दगावल्यास मात्र त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.

ऊसतोड कुटुंबांनी घ्यावयाची काळजी

दर हंगामात खानदेशातून व डांगमधून अनेक कुटुंबे कोयता घेऊन सुरत जिल्ह्यात ऊसतोडीस जातात आणि उसाच्या कडेला झोपड्या घालून राहतात. सोबत कोंबड्या नेणाऱ्या कुटुंबांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. कोंबड्या वा कुत्रा जेथे बांधला असेल, तेथे लहान मुलाला निजवू नये. कोंबडीच्या वासाने आलेले जनावर निजलेल्या बालकापर्यंत पोचू शकते. बालकांवर हल्ले झाल्याच्या दुःखद घटना दोन्ही राज्यांत घडल्या आहेत. मुलांना मोठ्या माणसांच्या मध्ये निजवावे, अंधारात एकटे बाहेर पाठवू नये व झोपडीबाहेर दिवा ठेवावा. तोडणीच्या वेळी उसात बिबट्याची पिले आढळल्यास ती उचलू नयेत. काम थांबवून दूर व्हावे आणि वन कर्मचाऱ्यांना कळवावे. मादी जवळच असते आणि रात्री ती पिले घेऊन जाते.

काय करू नये?

विष घातलेले मांस, फासे, विजेची तार यांचा अवलंब कदापि करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार बिबट्या अनुसूची १ मध्ये असून त्याला मारणे हा गंभीर गुन्हा आहे. शिवाय विजेच्या तारेला शेजाऱ्याचे मूल किंवा आपलाच बैल बळी पडू शकतो.

बिबट्या पकडून दूर सोडला की प्रश्न मिटला, असे अनेकांना वाटते. जुन्नरचा अनुभव याच्या उलट आहे. १९९३ ते २००१ या काळात तेथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. बिबटे पकडून अन्यत्र सोडण्यास प्रारंभ झाल्यावर, २००१ ते २००३ या काळात हे प्रमाण १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरे येते. उघडे खुराडे मात्र तसेच राहते.

बिबट्या दिसल्यास गर्दी करू नये, त्याचा पाठलाग करू नये, त्याला निघून जाण्यास वाट ठेवावी. महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मोठे जनावर मारले गेल्यास ते जागचे न हलविता पंचनामा करून घ्यावा. साहाय्यासाठी तो आवश्यक असतो. परंतु परसातील कोंबड्यांच्या बाबतीत साहाय्याची वाट पाहण्यापेक्षा आधीच खबरदारी घेणे अधिक शहाणपणाचे होय.

वन्य प्राणी आपल्या शिवारात राहणारच आहेत. त्यांच्याशी वैर धरून कोंबडी वाचत नाही. पशुपालक बंधू-भगिनींनी थोडी जाळी, दोन कड्या, एक खड्डा आणि दिवेलागणीपूर्वीची पाच मिनिटे एवढी गुंतवणूक केली, तर घरची पुंजी सुरक्षित राहील आणि अंगणात निजणारे मूलही.