गुलाबी लोशनच्या आड

खाजेची तक्रार घेऊन येणारे बरेच जण दवाखान्यात शिरतात तेच गुलाबी होऊन. मानेवर, काखेत, पाठीवर कॅलामाइनचे वाळलेले पोपडे. "कधीपासून आहे?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "झाले आठ-दहा दिवस. कॅलामाइन लावतोय ना. त्याने अपाय तर काही होत नाही!"

लोशनने अपाय होत नाही, कबूल. पण त्याच्या भरवशावर घालवलेले दिवस महागात पडतात.

कॅलामाइन म्हणजे मुख्यतः झिंक ऑक्साइड, जस्ताची पांढरी भुकटी. त्यात किंचित आयर्न ऑक्साइड असतं, म्हणून रंग गुलाबी. अंगावर पित्त उठलं की आजी जो गेरू फासायची, त्याचा लाल रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच. लोशनमधलं पाणी उडताना त्वचा गार पडते, उरलेली भुकटी ओल शोषते आणि खाज शमते. काम इथेच संपलं. गजकर्णाची बुरशी, खरजेचा किडा, नागिणीचा विषाणू यांतलं काहीही त्याने मरत नाही. तरी "खाज थांबली म्हणजे रोग गेला" हा समज लोकांच्या डोक्यातून हलत नाही.

मध्यंतरी साठीचे एक काका आले. डाव्या बाजूला पाठीपासून छातीपर्यंत लोशनचा जाड थर. ओल्या कापसाने तो हळूहळू काढला, तेव्हा खाली पाणी भरलेल्या फोडांचे घोस दिसले. पट्टा छातीच्या मधोमध येऊन थांबलेला. नागीण! काकू म्हणाल्या, "दोन्ही टोकं मिळाली तर माणूस जातो म्हणतात, म्हणून दिवसातून चारदा लावत होतो." टोकं मिळून कुणी मरत नाही हो! पण विषाणूवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू केल्या तर उत्तम लागू पडतात, आणि इथे सहावा दिवस होता. फोड सुकले, पण जागेची आग पुढे कित्येक महिने काकांना झोपू देत नव्हती.

लोशनने भागलं नाही की पुढची पायरी मेडिकलचं दुकान. "खाजेवर काहीतरी द्या" म्हटलं की हातात ट्यूब येते, आणि तिच्यात बऱ्याचदा क्लोबेटासॉलसारखं जहाल स्टेरॉइड असतं. दोन दिवस जादू, मग गजकर्ण दुप्पट पसरतं. २०१८ साली सरकारने अशा अनेक मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्ती केली. चिठ्ठी मागतो कोण? मोबाइलवर बघून लिंबू, लसूण, टूथपेस्ट चोळून कातडी भाजून घेणारे वेगळेच.

पण म्हणून कॅलामाइनची बाटली फेकून देऊ नका. घामोळं, डासांचे चावे, कांजिण्यांची खाज यांवर कॅलामाइन खुशाल लावा. भुकटी तळाशी बसते, म्हणून आधी बाटली नीट हलवा. डोळे, तोंड आणि वाहती जखम टाळा. म्हातारपणी थंडीत कोरड्या त्वचेला खाज सुटते, तिथे मात्र हे लावू नका. त्वचा आणखी सुकते. अंघोळीनंतर लगेच खोबरेल तेल किंवा मॉइश्चरायझर लावा.

बाळाला डायपरमुळे लाली आली तर झिंक ऑक्साइडचं घट्ट मलम उत्तम. शू-शी त्वचेला लागू देत नाही. त्वचा पूर्ण कोरडी करून जाड थर द्या. दर वेळी घासून मलम काढू नका, वरचा मळका थर तेवढा पुसा. पावडर नको, ती श्वासातून बाळाच्या छातीत जाते.

पुढलं काही दिसलं तर मात्र घरचे उपचार बंद:

- रात्री वाढणारी खाज, तीही घरातल्या दोघातिघांना: खरूज असू शकते.
- कडेने लाल, पसरत जाणारं वर्तुळ.
- एकाच बाजूला आग, ठणका आणि फोड. डोळ्याजवळ किंवा नाकावर असतील तर त्याच दिवशी या.
- पू, ताप, झपाट्याने पसरणारी गरम लाली.
- बाळाच्या जांघेच्या घडीत लालभडक चट्टा आणि भोवती बारीक पुटकुळ्या, किंवा तीन दिवसांत न ओसरणारी लाली.
- पुरळ नसताना अंगभर खाज. यकृत, मूत्रपिंड तपासावं लागतं.
- ओठ-जीभ सुजणं, धाप लागणं: थेट रुग्णालय गाठा.

आणि एक विनंती. दाखवायला येणार असाल त्या दिवशी अंगाला काहीही फासू नका. पुरळ उठल्या दिवशीचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर तो दाखवा; निदान निम्मं तिथेच होतं.