मॉनिटरआधी टेबल मोजा

सेल लागला की दवाखान्यात ठरलेला प्रश्न येतो : "डॉक्टर, ब्लू लाइट फिल्टरवाला मोठा मॉनिटर घेतोय, आता डोळ्यांची काळजी मिटली ना?"

नाही मिटली. निळ्या प्रकाशाचा हा बागुलबुवा काही केल्या जात नाही. उन्हाच्या मानाने स्क्रीनचा निळा प्रकाश अगदीच किरकोळ. 'ब्लू कट' चष्म्याने डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं २०२३च्या कॉक्रेन आढाव्यातही दिसलं नाही. एरवी आपली पापणी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवते. गेममध्ये रंगलो की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं. डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो. स्क्रीनने डोळे कायमचे बिघडत नाहीत, तेव्हा घाबरू नका; पण पापणी लवू द्या, आणि दर वीस मिनिटांनी वीसेक सेकंद खिडकीबाहेर लांब बघा.

मध्यंतरी इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला. स्वस्तात मिळाला म्हणून ४९ इंची अल्ट्रावाइड घेतलेला. रुंदी जवळपास १२० सेंटिमीटर, आणि टेबल जेमतेम दीड फूट खोल! दिवसभर मान डावीकडे-उजवीकडे. डोळे लाल झाल्यावर व्हिडिओ बघून गुलाबपाणी घातलं, मग मेडिकलमधून थेंब आणले. बाटली बघितली तर स्टेरॉइड. लाली झटकन उतरते, म्हणून लोक खूश असतात. हेच थेंब आपल्या मनाने महिनोन्‌महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. मुलाचा दाब सुदैवाने ठीक निघाला. शेजारी बसलेली आई "मी सांगतच होते" म्हणाली खरी, पण तिच्याही पर्समध्ये तीच बाटली निघाली.

डोळ्यासमोर अचानक विजा चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकदम वाढले, बाजूने पडदा सरकल्यासारखी सावली आली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मोठा मायनस नंबर असलेल्यांनी तर अजिबात थांबू नये. तसंच डोळा ठणकतोय आणि दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतायत, तर ते गेम खेळून आलेलं दुखणं समजू नका.

आता मॉनिटरचं. बहुतेकांना ३४ इंची अल्ट्रावाइड पुरतो. तोही ऐंशी सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे डोळ्यांपासून निदान हातभर, जमलं तर पाऊण मीटर लांब हवा. वरची कड नजरेच्या रेषेत किंवा किंचित खाली, एसीचा झोत तोंडावर नको. २५६०×१०८० रिझोल्यूशनचा स्वस्त पडतो, पण या आकारावर अक्षरं भरड दिसतात आणि माणूस नकळत पुढे वाकतो, ३४४०×१४४०चा बघा. आणि परत करायची मुदत संपेपर्यंत खोकं रद्दीत देऊ नका.