महागडी कवळी घट्टच बसते का?

प्रश्न : आईची नवी वरची कवळी बोलताना खाली येते. संगणकावर कोरलेली केली तरच घट्ट बसेल, असं भाऊ म्हणतो. खरं का? – एक वाचक, धर्मापुरी (जि. बीड)

उत्तर : अर्धंच खरं. नेहमीच्या पद्धतीत साच्यात दाबलेलं अ‍ॅक्रिलिक गरम पाण्यात घट्ट होताना आकारमानाने ६-७ टक्के आकसतं. फट पडते ती बहुधा टाळूच्या मागच्या कडेला. संगणकावर कोरतात तो ठोकळा आधीच आकसून झालेला असतो. पण मापच चुकलं असेल, तर यंत्र तीच चूक अचूक कोरणार! म्हणून आधी कवळी बनवणाऱ्या डॉक्टरांकडूनच कड तपासून घ्या. आतून नवं अस्तर घालून बऱ्याचदा भागतं. कड घरी घासू नका, उकळत्या पाण्यात तर टाकूच नका. नवी करायचीच झाली, तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयातही चौकशी करा.