दुर्मिळ अ‍ॅनिमेशनपट आणि संग्राहक

दुर्मिळ व आडवळणाच्या अ‍ॅनिमेशन लघुपटांचे संग्राहकास आकर्षण का वाटते, या प्रश्नाचा विचार करताना दादासाहेब फाळके यांच्या ‘आगकाड्यांची मौज’ (1915) या लघुपटाचे उदाहरण उद्बोधक ठरते. आगकाडी किंचित सरकवावयाची, एक चौकट चित्रित करावयाची आणि ती पुन्हा सरकवावयाची, अशी ही पद्धती होय. मूकपटाचा वेग सेकंदाला 16 चौकटी धरला, तरी एका मिनिटासाठी 960 चौकटी लागतात. फ्रान्समध्ये एमिल कोल याने 1908 मध्येच आगकाड्यांचा चलपट केला होता. फाळके यांच्या कृतीस मात्र ‘मौज’ हे घरगुती मराठी नाव लाभले.

हा लघुपट आज उपलब्ध नाही. 1964 मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर जवळजवळ अर्धशतक लोटले होते. नायट्रेटची फिल्म ज्वालाग्राही व नाशवंत. शिवाय तिच्यातील चांदीसाठी जुनी रिळे विकली जात.

ग्रंथसंग्राहक व चित्रपटसंग्राहक यांच्यातील भेद येथे स्पष्ट होतो. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत हरवल्यावर महानुभावांनी तो ग्रंथ स्मरणातून पुन्हा सिद्ध केला, असे परंपरा सांगते. शब्द मुखोद्गत होतो. 960 चौकटींतील आगकाडीची चाल कोणासही मुखोद्गत करता येत नाही. म्हणूनच अशा लघुपटाची एखादी प्रत सांभाळणारा संग्राहक केवळ हौशी ठरत नाही. ज्या कृतीस स्मरणाचा आधार नाही, तिचा तो पाठरक्षक होय.