रिकामी दिसणारी लेन

ट्रान्सपोर्टेशनच्या पेपरात 'लेनची क्षमता म्हणजे काय' असं विचारलं की आपण सगळे डोळे झाकून 'तासाला किती गाड्या जातात ते' असं लिहून मोकळे होतो. मीही तेच लिहिलं होतं. पण कारपूल लेनच्या बाबतीत हे उत्तर चुकतं. तिथे माणसं मोजावी लागतात.

कारपूल लेन म्हणजे हायवेवरची राखीव लेन. बस आणि ठराविक संख्येइतकी माणसं असलेल्या गाड्याच तिच्यातून जाऊ शकतात. आपल्याकडे ट्रिपल सीट गेलं की पावती फाटते, तिकडे तिसरा माणूस नसला की फाटते!

ही लेन आणायची कुठून, हा पहिला प्रश्न. कॅलिफोर्नियाच्या कॅलट्रान्स या खात्याने मार्च १९७६ मध्ये लॉस एंजेलिसच्या सांता मोनिका फ्रीवेवर चालू लेनपैकीच एक कारपूलसाठी राखून टाकली. बाकीच्या लेन तुंबल्या, लोक भडकले, प्रकरण कोर्टात गेलं. पर्यावरणावरच्या परिणामांचा नीट अभ्यास झालेला नाही म्हणून कोर्टाने ऑगस्टमध्ये, २१ आठवड्यांनी, ती बंद करायला लावली. लोकांच्या हातातलं काढून घेण्यापेक्षा नवीन लेन बांधून ती राखीव ठेवणं सोपं, हा धडा खात्याला महागात मिळाला.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. माणसं किती हवीत, दोन की तीन? त्याच शहरातल्या एल मॉन्टे बसवेची गोष्ट मला यासाठी फार आवडते. १९७३ साली हा मार्ग बससाठी सुरू झाला आणि १९७६ पासून तीन किंवा जास्त माणसांच्या गाड्यांना त्यावर मुभा मिळाली. शेजारच्या लेनमध्ये अडकलेल्या माणसाला ती लेन रिकामी दिसायची. रिकामी लेन बघून कोणाचंही डोकं फिरणारच! शेवटी विधिमंडळाने कायदा करून १ जानेवारी २००० पासून अट दोन माणसांवर आणली.

आता आकडे बघा. सकाळच्या गर्दीच्या तासाला त्या लेनमधून आधी सुमारे १,१०० गाड्या जायच्या, त्या १,६०० झाल्या. पण माणसं ५,९०० वरून ५,२०० वर आली! भागाकार करून बघा, एका वाहनामागे (बस धरून) आधी साधारण ५.४ माणसं होती, नंतर ३.२५. वेग ताशी ६५ मैलांवरून २० मैलांवर घसरला. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्या शेजारच्या लेनचा वेगही २५ वरून २३ झाला. म्हणजे भलं कोणाचंच झालं नाही, आणि रोज बसने जाणारे मात्र गाड्यांच्या रांगेत अडकले. जुलै २००० मध्ये गर्दीच्या वेळेपुरती तीनची अट परत आली.

यात दोष कोणाच्या हेतूचा नव्हता असं मला वाटतं. खरी अडचण अशी की खात्याच्या हातात जे बटण आहे ते पूर्णांकांचं आहे. तीनवर लेन रिकामी दिसते, दोनवर ती तुंबते, आणि गाडीत अडीच माणसं बसवता येत नाहीत. शिवाय पळत्या गाडीतली डोकी पोलिसांना डोळ्यांनी मोजायची, त्यात शेजारच्या सीटवर पुतळा बसवणारे महाभागही असतात.

अडीचचं उत्तर पुढे निघालं ते पैशातून. २०१३ साली या लेनवर टोल आला. काचेवर लावायच्या यंत्रावर १, २ किंवा ३ असं बटण असतं, गाडीत जितकी माणसं तितक्यावर ते ठेवायचं. गर्दीच्या वेळी तिघे असतील तर फुकट, दोघे किंवा एकटा असेल तर टोल. लेन भरत आली की टोल वाढतो, मोकळी झाली की उतरतो. डोकी मोजायचं काम मात्र सुटलेलं नाही, कारण एकटा माणूस बटण ३ वर ठेवू शकतोच.